पेन्शन कुठं जात नाही ताई, फक्त तो एक रकाना नीट भरा

पत्र असं आहे, थोडं कापून देतोय:

"सर नमस्कार. आमचे हे आर्मीत नाईक होते. १२ वर्षं सर्व्हिस झाली आणि पीस स्टेशनला ड्युटीवर असताना गाडी उलटली, कंबरेच्या मणक्याला मार बसला, एल४-एल५ का काय म्हणतात ते. हॉस्पिटल, मग कॅटेगरी, परत हॉस्पिटल असं करत शेवटी बोर्डआउट झाले, म्हणजे मेडिकल बोर्डानं फौजेतून बाहेर काढलं. अपंगत्व ३० टक्के फॉर लाईफ दिलंय आणि पेन्शन ५० टक्क्यांनी मिळते. आता वय ३४, तीन वर्षं झाली घरीच आहेत. दोन मुलं शाळेत, शेती एक एकर. आता शिरवळच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटी सुपरवायझरची ऑफर आलीये १८ हजारांची, आणि बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेत पण पास झालेत, फायनल कॉल यायचाय. पण गावात सगळे म्हणतात नोकरी धरली की डिसॅबिलिटी पेन्शन बंद, परत मेडिकल बोर्डाला बोलावतात, पीएफ आधारला लिंक झाला की तिकडं लगेच कळतं. ग्रुपवर तसा एक व्हिडिओ पण आला होता. हे म्हणतात हातची पेन्शन घालवून नोकरी नको. शिवाय लोक म्हणतील कामाला जातोय मग पेन्शन कशाची खातोय. मी काय सांगू त्यांना? – एक ताई, ता. वाई"

ताई, बंद होत नाही. हे आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. प्रायव्हेट धरा, बँक धरा, उद्या नाक्यावर किराणा दुकान टाका, पेन्शनचे दोन्ही भाग, सर्व्हिस एलिमेंट (नोकरीचा) आणि डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा), चालूच राहतात. आज संध्याकाळी जेवायला बसले की हे एवढं सांगा त्यांना, बाकी नंतर.

आता मी कोण सांगणारा, तर मी सुभेदार क्लार्क म्हणून रिटायर झालो, तोफखान्यात होतो, सगळं आयुष्य पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि पार्ट टू ऑर्डर (जवानांच्या नोंदी) लिहिण्यात गेलं, आणि माझ्या स्वतःच्या उजव्या कानाला २० टक्के लागलेत, त्यामुळं या पेन्शनची मला दोन्ही बाजूंनी ओळख आहे. रिटायर झाल्यावर मीही नोकरी केली आणि एक मोठी चूकपण केली, ती पुढं सांगतो, कारण तुमच्या सगळ्या पत्रात जिथं खरंच पैसा अडकू शकतो ती जागा तीच आहे आणि गावातल्या एकानंही तुम्हाला ती सांगितलेली दिसत नाही.

आधी हे बघा की पेन्शन ठरते कशावर. दोनच गोष्टी, शेवटचा पगार आणि टक्केवारी. माणूस आज किती कमावतो, घरी बसतो का रानात जातो, हा प्रश्न त्या फॉर्म्युल्यात कुठंच नाहीये. समजा शेवटचा बेसिक आणि एमएसपी (फौजेचा मिलिटरी सर्व्हिस पे) मिळून ३६,००० होते (हिशोबाला सोपं म्हणून धरतोय, तुमचा आकडा पीपीओत बघा). ड्युटीच्या दुखापतीमुळं बोर्डआउट झालेल्याला सर्व्हिस एलिमेंट त्याच्या निम्मं, म्हणजे १८,०००, मग १५ वर्षं भरलेली नसली तरी. डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १०,८००, आणि त्याचं टक्केवारीप्रमाणं. ३० टक्क्यांना ३,२४० झाले असते, पण ब्रॉड बँडिंगमुळं ५० पेक्षा कमी असलेलं ५० धरतात, म्हणून ५,४००. एकूण २३,४०० आणि वर महागाई. वन रँक वन पेन्शनच्या टेबलनं आकडा थोडा सरकतो पण ढाचा हाच.

हे ब्रॉड बँडिंग आधी फक्त बोर्डआउट झालेल्यांना होतं, वेळेवर रिटायर झालेल्या, पण मेडिकल कॅटेगरी खाली आलेल्यांना देत नव्हते, ते सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१४ मधे राम अवतारच्या केसमधे मिटवलं आणि मग माझ्यासारख्यांचे २० चे ५० झाले. असो, तुमच्यात तो प्रश्नच नाही.

आता तो व्हिडिओ. मी बघितला नाही पण असे बरेच बघितलेत, आणि मला पक्का संशय आहे की तो अमेरिकेच्या नियमाचा हिंदीत केलेला काला आहे. तिकडं टक्केवारीची साधी भरपाई असते, ती घेत माणूस नोकरी करू शकतो, पण तिकडं अजून एक प्रकार आहे, ज्याला जखमेमुळं धड नोकरी टिकवताच येत नाही त्याची टक्केवारी कमी असली तरी त्याला १०० टक्क्यांच्या दरानं पैसे देतात, आणि अशा माणसानं नीट पगाराची नोकरी धरली तर तो वरचा दर जाऊ शकतो. साहजिकच आहे, कारण तो दर नोकरी करता येत नाही याच कारणानं दिलेला असतो. आपल्याकडं बेरोजगारीवर दिलेली अशी डिसॅबिलिटी पेन्शनच नाही. कुणीतरी तिकडचं ऐकलं, इकडं चिकटवलं, खाली जय जवान लिहिलं आणि फॉरवर्ड केलं, आणि वाई तालुक्यात एक ३४ वर्षांचा नाईक त्या भरवशावर घरी बसला.

परत बोर्डाला बोलावतील हे भूत तर फार जुनं आहे, आणि खोटं नव्हतं एकेकाळी. पूर्वी ठराविक वर्षांनी रिसर्व्हे बोर्ड, म्हणजे फेरतपासणी, व्हायचा, लोक लाल डब्यानं मिलिटरी हॉस्पिटल गाठायचे, बोर्ड म्हणायचा सुधारणा आहे आणि टक्का खाली यायचा. गावातल्या म्हाताऱ्या पेन्शनरांच्या डोक्यात तेच बसलंय, त्यांची चूक नाही. पण ७ फेब्रुवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रानं ते नियमित बोलावणं बंद झालं. डिसॅबिलिटी परमनंट ठरली की तो निर्णय आयुष्यभराचा, पेन्शनरनं स्वतः रिव्ह्यू मागितला तरच उघडायचा. यांच्या कागदावर फॉर लाईफ लिहिलंय ना, मग विषय संपला. तो मेडिकल बोर्डाचा कागद, एएफएमएसएफ-१६ म्हणतात त्याला, एकदा काढून बघा, पीपीओबरोबर प्लास्टिकच्या फोल्डरमधे ठेवा आणि दोन झेरॉक्स मारून ठेवा.

यातच एक सांगून ठेवतो, तुमच्याकडं एखादा एजंट येईल, ३० चे ६० करून देतो, रिव्ह्यूचा अर्ज टाकूया, ७५ चा स्लॅब लागेल. अर्ज टाकता येतो, हक्क आहे. पण आजार खरंच वाढला असेल, एमआरआयमधे दिसत असेल तरच टाका. बोर्ड त्याला दिसेल ते लिहितो, टक्का वरच जाईल अशी कुणी गॅरंटी देत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पीएफ आणि आधारचं म्हणाल तर हो, लिंक होतं, कळतं. कळू दे की. कळल्यानं काही होत नाही म्हटल्यावर लपवायचं काय? लपवायला गेलं की मग भानगडी होतात, कॅशमधे पगार द्या, बायकोच्या नावावर दाखवा असले उद्योग सुचतात माणसाला आणि त्यात पीएफ जातो, विमा जातो, हातात काही राहत नाही. तसलं अजिबात करू नका.

आता माझी चूक. बेसिक पेन्शन हलत नाही हे खरं, पण त्याच्यावरची महागाई, म्हणजे डिअरनेस रिलीफ, हा एकच तुकडा असा आहे जो नोकरीमुळं हलू शकतो. तोही प्रायव्हेट नोकरीत नाही. शिरवळची कंपनी प्रायव्हेट आहे, तिथं जा, पेन्शनवरची महागाई जशीच्या तशी. पण सरकारी खातं, सरकारी बँक, पीएसयू, स्वायत्त संस्था असल्या ठिकाणी लागलात की नियम वेगळा. ऑफिसर रँकखालच्या सगळ्यांची, म्हणजे शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत, पेन्शन नव्या पगाराच्या फिक्सेशनमधे, म्हणजे नवा पगार ठरवताना, पूर्ण बाजूला ठेवतात, एक रुपया वजा होत नाही. आणि १८ जुलै १९९७ पासून असं आहे की पेन्शन पूर्ण बाजूला ठेवलेली आणि नवा पगार त्या पोस्टच्या मिनिममला फिक्स झालेला, तर पेन्शनवरची महागाईपण मिळते आणि पगारावरचीपण. पण पगार मिनिममच्या वर फिक्स झाला, म्हणजे फौजेतला शेवटचा पगार धरून वरची स्टेज दिली, तर पेन्शनवरची महागाई थांबते. वरचा पगारपण आणि तिकडची महागाईपण, असं दोन्ही नाही.

माझं असं झालं की एका सरकारी संस्थेत लागलो, त्यांनी कौतुकानं दोन-चार स्टेज वर फिक्स केलं, मी पेढे वाटले. नोव्हेंबरमधे हयातीचा दाखला भरताना त्यात तो रकाना असतो, पुन्हा नोकरीला आहात का, तिथं मी दरवर्षीच्या सवयीनं नाही वर टिक मारली. वाईट हेतू नव्हता हो, गर्दी होती, मागचा माणूस ढकलत होता, खरं सांगायचं तर वाचलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासणारा मी. तीन वर्षांनी लक्षात आलं आणि सगळी महागाई रिकव्हरीला लागली, हप्त्याहप्त्यानं कापली, पोरीच्या लग्नाच्या वर्षातच. बायको अजून म्हणते की उजव्या कानाचं काय घेऊन बसलात, तुमचे डोळे पण बोर्डाला दाखवायला हवे होते.

म्हणून रक्कम डोळ्यासमोर ठेवा. आपल्या त्या २३,४०० च्या उदाहरणात जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के दर धरला तर महागाई होते महिना १३,५७२. वर्षाला दीड लाखाच्या पुढं. ही रक्कम चुकून तीन वर्षं घेतली आणि मग परत मागितली तर घर हलतं. तर बँकेत रुजू झालात की पे फिक्सेशनचा कागद लेखी मागा, मिनिममला केलंय का वर, ते त्यावर स्पष्ट पाहिजे. सही करायच्या आधी दोन्ही हिशोब वहीत मांडा, वरच्या स्टेजनं किती वाढतात आणि महागाई गेल्यानं किती जातात, कारण पुष्कळदा लोक चार हजारांच्या आनंदात तेरा हजारांवर पाणी सोडतात. आणि जे ठरेल ते स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या पोर्टलवर, कळवा, हयातीच्या दाखल्यात नोकरी आहे वर हो करा. हो केल्यानं पेन्शन बंद होत नाही. नाही वर टिक मारून गप्प बसल्यानं त्रास होतो.

आता दोन नोकऱ्यांचं. शिरवळला १८ हजार लगेच हातात, बँक अजून हवेत. गावात अजून एक गैरसमज असणार, तुम्ही लिहिला नाही पण असणारच, की एकदा कुठंही नोकरी धरली की माजी सैनिकाचा कोटा गेला. प्रायव्हेटनं जात नाही. केंद्राच्या नियमात सिव्हिल सरकारी नोकरीत कोट्यातून रुजू झाल्यावर तो वापरला गेला असं धरतात, आणि त्यातही ऑगस्ट २०१४ पासून सोय आहे की रुजू होताना आपण आधी कुठं कुठं अर्ज टाकलेत त्याची यादी नव्या ऑफिसला लेखी देऊन ठेवायची, मग त्या अर्जांपुरता कोटा टिकतो. म्हणजे शिरवळला बिनधास्त जा, बँकेचा कॉल आला की सोडा, आणि बँकेत जाताना ती यादी पहिल्याच दिवशी देऊन पोच घ्या.

आणि कुणी म्हणालं की १५ वर्षं झाली नाहीत म्हणजे हे माजी सैनिकच नाहीत, तर तेही चूक. ड्युटीशी संबंधित मेडिकल कारणानं बाहेर आलेला आणि डिसॅबिलिटी पेन्शन मिळणारा माणूस माजी सैनिकाच्या व्याख्येत बसतो. सरकारी बँकांत क्लार्कला साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांना आहेत, शिपाई वर्गात साडेचोवीस. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत १५ टक्के समांतर आरक्षण आहे तेही ध्यानात ठेवा, बँकेचं नाही जमलं तर.

पण फॉर्म भरताना टक्केवारीचा घोळ करू नका, इथं पोरं फार फसतात. साडेचौदातले साडेचार टक्के हे डिसेबल्ड माजी सैनिक आणि लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांसाठी असतात, आणि बँकेच्या जाहिरातीत डिसेबल्ड माजी सैनिक म्हणजे शत्रूविरुद्धच्या कारवाईत किंवा अशांत क्षेत्रात अपंगत्व आलेला, अशी व्याख्या असते. यांची गाडी पीस स्टेशनला उलटली. म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन मिळते तरी त्या खान्यात हे बसत नाहीत, साधा माजी सैनिक एवढंच लिहायचं. भरून गेला असेल फॉर्म तर कॉपी काढून बघा काय टिक केलंय, आणि चुकीचं असेल तर कागदपत्र तपासणीला स्वतःहून सांगा.

तसंच ते किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या दिव्यांगांचं आरक्षण. त्याला सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड लागतं, फौजेच्या बोर्डाची टक्केवारी तिथं चालत नाही, दोन्हीकडची मोजायची रीतच वेगळी. आणि पीपीओवर ५० दिसतात म्हणून कुठं ५० टक्के अपंग असं लिहू नका. ते ५० पैशाच्या हिशोबाचे आहेत. शरीराचे ३० च. कुणी विचारलं तर ३० सांगायचं.

टॅक्सचं पटकन. हे बोर्डआउट झालेत म्हणून यांच्या पेन्शनचे दोन्ही भाग इन्कम टॅक्समधून माफ आहेत, नोकरी लागली तरी. पगारावर टॅक्स लागतो पण नव्या रिजीममधे १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला रिबेट आहे, तेव्हा या दोन्ही नोकऱ्यांत सध्या भीतीचं कारण नाही. रिटर्नमधे पेन्शन माफ उत्पन्न म्हणून दाखवा, वगळू नका. वेळेवर रिटायर झालेल्या डिसॅबिलिटीवाल्यांचं मात्र जून २०१९ च्या सर्क्युलरपासून भांडण चालू झालेलं आहे, ते वाचून तुम्ही घाबरू नका, तो गट वेगळा.

एवढं सगळं पैशाचं झालं. पण ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला काळजी पेन्शनची नाही वाटली, कंबरेची वाटली. १८ हजारांची गेटवरची ड्युटी म्हणजे काय ते मला माहितीये. सुपरवायझर म्हणतात आणि बारा तास उभं करतात, नाईटला गार्ड आला नाही की डबल. वर वाईकडून शिरवळ म्हणजे रोज खंबाटकी ओलांडायची, आणि हे मोटारसायकलवर जाणार, कारण शिफ्टच्या वेळेला एसटी कुठली मिळायला. एल४-एल५ वाल्या माणसाला रोजचे ते खड्डे आणि स्पीडब्रेकर मिळून नोकरीपेक्षा जास्त महाग पडतील. तर नाही म्हणू नका कंपनीला, पण विचारून घ्या. ड्युटी आठ तासांची का बारा, बसायला खुर्ची आहे का का फक्त सीसीटीव्हीवाल्यालाच आहे, कंपनीची बस कुठून सुटते, जवळपास खोली घेऊन आठवड्याला घरी आले तर परवडेल का. आणि कंबरेचं त्यांच्यापासून लपवू नका. तुमच्या ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) डॉक्टरला विचारा किती वेळ उभं राहायचं, किती वजन उचलायचं नाही, ते एका कागदावर घ्या आणि रुजू होताना द्या. फौजी माणसाला हे अवघड जातं, आपल्याला सवयच नाही मला जमत नाही म्हणायची, पण लपवलं आणि चौथ्या महिन्यात गेटवर कंबर धरली तर नोकरी पण जाते आणि माणूस पुन्हा तीन वर्षं खाटेवर.

तिथं काही नवीन दुखापत झाली तर ती फौजेच्या टक्क्यात जोडली जात नाही हेही सांगून ठेवतो, ती कंपनीची जबाबदारी. १८ हजार पगार ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मर्यादेत येतो, पगारातून पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये कापतील. कापत नसतील तर विचारा का नाही कापत. ते १३५ रुपये त्यासाठीच असतात.

मला विचाराल तर बँकेच्या कॉलपर्यंत शिरवळ हा पूल म्हणून ठीक आहे, मुक्काम म्हणून नको. आणि बँकेचं हुकलं तर गेटवर आयुष्य काढायच्या ऐवजी खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे तिथं चौकशी करा, ती संस्था १९१७ मधे पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातात काम द्यायलाच सुरू झाली आणि अजून तेच करते, अपंग सैनिकांना धंदे-शिक्षण देते. वाईहून पुणं काय लांब नाही. आमच्या रेजिमेंटचा एक जवान पाय गेल्यावर तिथं गेला होता, जाताना घरचे रडत होते की आता याला शाळेत कोण घालतंय, आज त्याचं स्वतःचं दुकान आहे आणि घरचेच त्याच्याकडं उधार मागायला येतात. शिवाय साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यांचं नाव नोकरीसाठी नोंदवलंय का? पुष्कळजण पेन्शन चालू झाली की तिकडं फिरकत नाहीत. पुण्याला मेस्को, म्हणजे माजी सैनिकांचं महामंडळ, आहे, त्यांच्याकडं माजी सैनिकांसाठी सिक्युरिटीच्याच जागा जास्त असतात, पण सांगितलं तर बसायच्या कामाच्याही निघतात कधी. विचारलं तर कळेल.

आणि शेवटचं ते, लोक काय म्हणतील. बघा, यांना ती पेन्शन घरी बसण्यासाठी दिलेली नाही. धडधाकट एकोणीस वर्षांचं पोरगं सरकारला दिलं, परत देताना मणका वाकडा करून दिला, त्याचे ते पैसे आहेत. मणका काही सोमवारी कामावर गेल्यावर सरळ होत नाही आणि रविवारी पुन्हा वाकत नाही. कामावर गेले तरी रात्री कूस बदलताना यांना तेवढंच दुखणार आहे, ते बोलणाऱ्याला दुखणार नाहीये. पण हे तुम्ही पारावर जाऊन समजावू नका कुणाला, वेळ जातो. यांना मात्र समजावा, कारण मला वाटतंय की लोकांपेक्षा त्यांच्याच मनात ते बसलंय. तीन वर्षं घरी बसलेल्या फौजीला पेन्शन जाईल ही भीती सोयीची पण असते हो, चिडू नका मी असं म्हणतोय म्हणून, मीपण सहा महिने तसाच बसलो होतो, कान गेला हे कारण सांगत. खरी भीती ही असते की जमलं नाही तर काय. म्हणून नोकरी धराच असा तगादा लावू नका, दोन महिने जाऊन बघा म्हणा, नाही जमलं तर सोडून या, पेन्शन आहेच. ती आहे म्हणूनच तर करून बघता येतंय. ज्याच्याकडं ती नाही त्याला हे असं बघू म्हणायची चैन नसते.

तर आता करायचं एवढंच की पीपीओ आणि बोर्डाचा कागद शोधून ठेवा, शिरवळवाल्यांना ड्युटीचे तास आणि बसचं विचारा, आणि बँकेचं ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी त्यातला पगाराचा भाग मला टाईप करून पाठवा, नाव-नंबर खोडून. फिक्सेशन कुठल्या स्टेजला धरलंय ते मी बघून सांगतो. यावेळी चष्मा लावून.